पाहुण्यांना काम द्या हो! काखेतीच्या द्राक्षमळ्यातले दिवस

जॉर्जियात पाहुणा देवानं धाडलेला मानतात. आता देवानं धाडलेल्या माणसाच्या हातात कात्री आणि बादली कोण देणार? शेतावर राबायला म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको विमानानं एवढ्या लांब गेलो आणि सुरुवातीला नेमकी हीच पंचाईत झाली.

हा जॉर्जिया अमेरिकेतला नव्हे. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या कुशीतला हा छोटा देश. त्याच्या पूर्व टोकाला काखेती नावाचा प्रांत आहे आणि देशातली बहुतेक द्राक्षं तिथे पिकतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सगळा काखेती तोडणीत बुडालेला असतो. या हंगामाला ‘रत्वेली’ म्हणतात. शहरात नोकरीला असलेली मुलं, सुना, जावई रजा टाकून गावाकडे येतात, तरी हात कमीच पडतात. तिथे आपले चार हात लावावेत, एवढाच बेत होता.

दिवसाला चार-सहा तास काम करायचं, बदल्यात राहणं-जेवण घ्यायचं, पैशाची देवघेव नाही, ही पद्धत तशी जुनी. 1971 साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड यांनी शहरी लोकांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर कामाला नेण्याची टूम काढली, तिचंच पुढे ‘वूफ’ झालं. आता वर्कअवे, हेल्पएक्स अशी आणखी संकेतस्थळं आहेत. आम्ही तेलावी शहराजवळच्या एका कुटुंबाशी बोलून ठरवलं. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला इंग्रजी येतं, पत्रव्यवहार तिनंच केला.

शनिवार: गोम्बोरीचा घाट

राजधानी तिबिलिसीत ईसानी मेट्रो स्टेशनबाहेर तेलावीच्या शेअर टॅक्स्या उभ्या असतात. माणसं भरली की निघते. वाटेत गोम्बोरीची खिंड लागते, 1,620 मीटर उंचीवर. आमचा ड्रायव्हर सूर्यफुलाच्या बिया सोलत गाडी चालवत होता आणि डोंगरावर कुठे चर्च दिसलं की तीन वेळा छातीवर क्रॉसची खूण करत होता. बिया एका हातात, क्रॉस दुसऱ्या हातानं. मग स्टिअरिंग कोण धरतंय, या प्रश्नात मी पडले नाही. खिडकीबाहेर बीचचं जंगल पिवळं पडायला लागलं होतं, तिकडे बघत बसले.

खिंड उतरलो आणि धुकं एकदम संपलं. समोर अलाझानी नदीचं सपाट खोरं, त्यात नजर जाईल तिथवर द्राक्षमळे, आणि पलीकडे कॉकेशसची भिंत. भिंतच म्हणायची, कारण मध्ये टेकड्या-बिकड्या काही नाहीत, शेतं संपतात तिथून डोंगर थेट उभा राहतो. वरच्या शिखरांवर ताजं बर्फ होतं. त्या पलीकडे रशियातलं दागेस्तान.

घर दुमजली, अंगणावर द्राक्षाच्या वेलीचा मांडव, त्याखाली लांबलचक टेबल. टेबल आधीच भरलेलं. घरधनी पन्नाशीचे, त्यांची बायको, ती इंग्रजी बोलणारी मुलगी आणि घरधन्यांची आई. आजीला तिथे ‘बेबिया’ म्हणतात, तीही तेच म्हणायला लावायची. बाकी दोघांना आम्ही आपापसात काका-काकू करून टाकलं, कारण त्यांची नावं आमच्या जिभेवर काही नीट बसेनात.

जेवण झाल्यावर मी ताटल्या उचलायला लागले. काकूंनी त्या हातातून काढून घेतल्या. नवरा म्हणाला, ‘‘मळा बघून येऊ का?’’ काका म्हणाले, ‘‘उद्या. आधी आराम.’’ वर खोलीत पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेल्या, खिडकीत डाळिंबं ठेवलेली. एखाद्या महागड्या गेस्टहाऊसमध्ये आल्यासारखं वाटलं आणि थोडं अपराधीही.

व्हिसाचं इथेच सांगून टाकते. भारतीयांना जॉर्जियाचा ई-व्हिसा मिळतो, पण ‘पैसे घेत नाही म्हणजे काम नाही’ असं आपलं आपण ठरवू नका. न्यूझीलंडसारख्या काही देशांत राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेली मदतही कामच धरतात आणि साध्या पर्यटक व्हिसावर ती चालत नाही. नियम बदलत असतात. निघण्याआधी दूतावासाला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. परतीचं तिकीट, विमा, राहण्याचा पत्ता हे सगळं छापून हाताशी ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

रविवार: बेबियाबरोबर अलावेर्दीला

सकाळी कामाचे कपडे घालून खाली आलो. बेबिया काळ्या रुमालात, काळ्या कोटात तयार. ‘‘आज देवळात जायचं. तुम्ही पाहुणे आहात, तुम्हीही चला.’’ काम पुन्हा पुढे ढकललं गेलं.

अलावेर्दीचं कॅथेड्रल अकराव्या शतकातलं. उंची पन्नास मीटरहून जास्त, आणि चहूबाजूंनी सपाट जमीन, त्यामुळे ते खोऱ्यात कुठूनही दिसतं. बायकांनी डोकं झाकायचं आणि पँटवर परकरासारखं कापड गुंडाळायचं. ते दारातच ठेवलेलं असतं. पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही. आत भिंतींवर चुना पडलेला, मधूनच जुनी चित्रं वर आलेली. इथले साधू स्वतः वाइनही करतात.

बेबिया माझा हात धरून एका कोपऱ्यात घेऊन गेली आणि एका राणीच्या चित्रासमोर उभी राहिली. ‘‘केतेवान,’’ म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून, ‘‘इंडोएती. गोवा.’’

इंडोएती म्हणजे भारत, एवढं कळत होतं. पण गोवा? मुलीनं भाषांतर करून सांगितलं तेव्हा मी गारच पडले. केतेवान ही काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासनं तिला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं आणि धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 साली शिराझमध्ये हाल करून मारलं. ऑगस्टिनियन मिशनऱ्यांनी तिचे अवशेष गुपचूप हलवले. काही भाग अलावेर्दीत आला, काही भाग गोव्याला. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा तो अर्धा पडलेला उंच बुरूज आहे ना, ज्याच्यासमोर आपण सगळ्यांनी फोटो काढलेले असतात, त्याच चर्चच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याला हाताचं हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं त्याची डीएनए तपासणी केली आणि 2021 च्या जुलैत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी ते तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केलं. बेबियानं तो सोहळा टीव्हीवर बघितला होता, आणि तेव्हापासून भारत हा तिच्या लेखी राणीला चारशे वर्षं सांभाळणारा देश. मी त्या बुरुजासमोर उभी राहून आइस्क्रीम खाल्लेलं आहे, हे मी सांगितलं नाही.

परतताना रस्ता अडला. उन्हाळा तुशेतीच्या डोंगरात काढून मेंढ्या खाली येत होत्या. शेकडोंनी, धूळ उडवत, मागेपुढे वासराएवढे कुत्रे. थंडी पडायच्या आत खिंड ओलांडावी लागते, नाहीतर बर्फात वाट बंद. या कुत्र्यांपासून लांब राहा. ते पाळीव दिसले तरी कळप राखणं हेच त्यांचं काम आहे, आणि सेल्फी त्यांना कळत नाही.

सोमवार: रकात्सितेली

शेवटी मळ्यात! सकाळी सातला दव होतं. रकात्सितेली ही काखेतीची मुख्य पांढरी जात. घडाचा देठ लालसर, मणी उन्हाच्या बाजूला सोनेरी होत गेलेले. वेल कमरेएवढी, घड खाली लटकलेले, म्हणजे काम सगळं वाकून किंवा उकिडवं बसून. डाव्या हातानं घड पेलायचा, उजव्या हातानं देठ कापायचा, सडका भाग कात्रीच्या टोकानं उडवायचा, घड बादलीत ठेवायचा. ठेवायचा, टाकायचा नाही. बादली भरली की ओळीच्या टोकाला ट्रेलर उभा असतो त्यात रिकामी करायची.

पहिली बादली मी भरली आणि उचलणार तोच एका चुलत्यानं येऊन नेली. दुसरी एका पोरानं. तिसऱ्या बादलीच्या वेळी काकू स्टूल घेऊन आल्या आणि सावलीत बसायची खूण केली. शेजारच्या ओळीत सत्तरीच्या बायका सटासट घड उतरवत होत्या आणि मी स्टुलावर!

दुपारी मी मुलीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ‘‘मदतीला आलोय आम्ही. तुझ्या आईला सांग ना.’’ ती हसली. म्हणाली, ‘‘तुम्ही ‘काही काम आहे का’ असं विचारता. त्याला इथे ‘नाही’ हेच उत्तर आहे. कोण पाहुण्याला हो म्हणेल? एखादं काम निवडा आणि ते माझं म्हणून सांगा.’’

हा मला या सगळ्या प्रवासात मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला. ‘मी काय करू’ असं मोघम विचारलं की यजमानावरच ओझं पडतं. त्यानं आता तुमच्यासाठी सोपं, स्वच्छ, मान राखणारं काम शोधायचं. त्यापेक्षा दिवसभर बघावं, कुठलं काम रोज ठरावीक वेळी करावं लागतं आणि कुणाला आवडत नाही ते हेरावं आणि त्यावर हक्क सांगावा.

मळ्यात जाताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, टोपी आणि पातळ रबरी हातमोजे न्या. हात रसानं इतके चिकट होतात की बोटं एकमेकांना चिकटतात, आणि त्या गोडीला गांधीलमाश्या येतात. घड पकडण्याआधी मागून एक नजर टाकायची. नवऱ्यानं टाकली नाही, संध्याकाळपर्यंत त्याचं बोट भेंडीएवढं झालं होतं. अॅलर्जी असणाऱ्यांनी गोळ्या घरूनच न्याव्यात, गावात मेडिकल नव्हतं.

मंगळवार: मरानी

घरामागच्या खोलीला ‘मरानी’ म्हणतात. आत गेलं तर दिसत काहीच नाही, जमिनीत नुसती गोल भोकं. प्रत्येक भोक म्हणजे एका रांजणाचं तोंड. क्वेव्री नावाचे हे अंड्याच्या आकाराचे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात, आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला. द्राक्षं चेचून रस, साली, बिया, काही देठ असं सगळं आत सोडायचं. बाहेरचं यीस्ट नाही, यंत्रानं थंड करणं नाही. जमीनच तापमान सांभाळते. पांढरी द्राक्षंसुद्धा सालींसकट महिनोन्‌महिने राहतात, म्हणून इथली पांढरी वाइन पांढरी नसतेच, चहाच्या रंगाची असते. जॉर्जियातल्या उत्खननात सापडलेल्या मडक्यांवरच्या खुणांवरून इथली वाइन सुमारे 8,000 वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाते. क्वेव्रीची ही पद्धत 2013 साली युनेस्कोच्या यादीत गेली.

इथे मला माझं काम सापडलं. रस आंबायला लागला की साली वर येतात आणि त्यांचा जाड थर जमतो. तो वाळला तर बिघडतो, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा लांब लाकडी दांड्यानं खाली दाबावा लागतो. पहाटेही आणि रात्री झोपायच्या आधीही. दिवसभर मळ्यात मोडलेल्या माणसाला हे नकोसंच असतं. मी दांडा हातात घेतला आणि बेबियाला खुणेनं सांगितलं, ‘हे माझं’. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं येऊन माझे हात दांड्यावर एक वीत खाली सरकवले. पाठीनं नाही, खांद्याच्या वजनानं दाबायचं. थर आधी दगडासारखा लागतो, मग एका जागी फुटतो आणि खालून फसफस करत गरम, आंबूस वाफ तोंडावर येते. आवाज ऐकून बेबिया सांगायची रांजण कुठवर आलाय ते.

आणि ती वाफच जपायची गोष्ट आहे. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, खोलीत तळाशी साचतो. काका आत जाण्याआधी दार सताड उघडं ठेवायचे आणि पेटती मेणबत्ती जमिनीजवळ धरायचे. विझली तर थांबायचं. हौसेनं रांजणात डोकावू नका, एकट्यानं तर आत जाऊच नका. रिकामा रांजण धुवायलाही वरूनच. चेरीच्या झाडाच्या सालीच्या चकत्या दांड्याला बांधून केलेला घासणीसारखा ब्रश असतो, तो आत फिरवायचा. माझं दुसरं काम ते.

नवऱ्याला पायांनी द्राक्षं तुडवायची होती. लाकडाचं कोरलेलं मोठं डोणं घरात आहे, पण आता त्यात बटाटे ठेवतात. चेचायला हातानं फिरवायचं यंत्र आलंय. तरी त्याच्यासाठी बटाटे बाहेर काढले गेले, आणि त्याचे पाय बेबियानं स्वतः तपासले.

बुधवार: गारा आणि रांग

दुपारी आभाळ काळवंडलं आणि डोंगराच्या बाजूनं धडाम्‌ धडाम्‌ आवाज यायला लागले. मी युद्धच समजले. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘रॉकेट.’’ गारपीट हा काखेतीचा शत्रू. वीस मिनिटांत वर्षाचं पीक जमिनीवर. 2015 पासून इथे गारांच्या ढगांत रॉकेटं सोडायची यंत्रणा आहे. रडारवर ढग दिसला की सोडतात, म्हणजे गारा मोठ्या व्हायच्या आत ढग मोकळा होईल. हे कितपत चालतं यावर अंगणात जोरदार वाद झाला. चुलत्याचं म्हणणं, रॉकेटांनी पाऊसच पळून जातो. त्या दिवशी आमच्याकडे नुसता शिडकावा आला. ढग रॉकेटनं फुटला की आपोआप, देव जाणे.

घरचे रांजण भरले की उरलेली द्राक्षं कारखान्यात जातात. संध्याकाळी काका ट्रक घेऊन निघाले आणि नवऱ्याला मुद्दाम बोलावलं. मीही चढले. कारखान्याच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेनं ट्रकांची रांग, शेवट दिसत नव्हता. लोक ट्रकखाली ब्लँकेटं टाकून झोपलेले, कुणी नार्दी खेळत होतं. नार्दी म्हणजे बॅकगॅमन, आणि सोंगट्या आपटल्याशिवाय खेळता येतच नसावा, असा आवाज.

रांगेतल्या गप्पा ही खरी मेजवानी. एक म्हातारा सांगत होता, गोर्बाचोवनं 1985 मध्ये दारूविरोधी मोहीम काढली तेव्हा त्याच्या वडिलांनी लावलेले वेल ट्रॅक्टरनं उपटले, आणि ट्रॅक्टर चालवायला त्यालाच बसवलं होतं. मग 2006 मध्ये रशियानं जॉर्जियन वाइनवर बंदी घातली, ती 2013 पर्यंत. एकच मोठं गिऱ्हाईक, तेच गेलं. तेव्हा द्राक्षं गुरांनी खाल्ली म्हणे. पण बंदीमुळेच लोकांना दुसरी बाजारपेठ शोधावी लागली, माल सुधारला, असंही त्यानंच सांगितलं, जरा नाखुशीनं.

मग त्यानं नवऱ्याकडे वळून विचारलं, ‘‘इंडोएती? जमीन घ्यायला आलात का?’’

प्रश्न थट्टेचा नव्हता. दहा-बारा वर्षांपूर्वी पंजाबातले बरेच शेतकरी काखेतीत जमिनी घ्यायला आले होते. स्वस्त जमीन, सुपीक माती. गावागावात कुरबुर सुरू झाली, 2013 मध्ये परदेशी लोकांना शेतजमीन विकण्यावर तात्पुरती बंदी आली, ती वर्षभरात न्यायालयानं उडवली, आणि शेवटी नव्या राज्यघटनेत शेतजमिनीची मालकी मुख्यतः नागरिकांपुरती ठेवली गेली. एवढा इतिहास आमच्या कातडीच्या रंगाला चिकटलेला होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. मला राग आला नाही. उद्या माझ्या बांधाला बांध लावून कुणी परदेशी माणूस विकत घेत सुटला, तर मीही हाच प्रश्न विचारेन, आणि कदाचित एवढ्या सभ्यपणे नाही.

काका म्हणाले, ‘‘जमीन नाही. ही माझी माणसं आहेत, तोडणीला आलीत.’’ म्हाताऱ्यानं माझे काळे पडलेले हात उलटेसुलटे करून बघितले आणि पिशवीतून चीज-पाव काढून दिला.

आमचा नंबर लागला तेव्हा तांबडं फुटत होतं. ट्रकमध्ये वरून एक नळी खुपसतात, रस काढून साखर मोजतात, त्यावरून माल घेतात. आकडा चांगला आला. काका घरी येईपर्यंत गात होते.

गुरुवार, शुक्रवार: सापेरावी आणि उपास

सापेरावी ही काळी द्राक्षं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरा असतो, हिचा गरही लाल; हाताला लागलं की दोन दिवस जात नाही. लिंबू चोळलं तर जरा उतरतं. काम आता अंगवळणी पडलं होतं. माझी बादली न्यायला कुणी येईना. पाठ मोडून निघाली, आणि तरी मनातून बरं वाटत होतं.

मी शाकाहारी आहे आणि दारू पीत नाही. जॉर्जियाला निघताना सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. प्रत्यक्षात फार अडलं नाही, कारण इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास कडक असतात. वर्षातले बहुतेक बुधवार-शुक्रवार आणि शिवाय मोठे उपास, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नाही. त्या जेवणाला ‘सामार्खवो’ म्हणतात आणि हॉटेलात तेवढा एक शब्द सांगितला की काम होतं. शुक्रवारी काकूंनी मातीच्या भांड्यात राजमा शिजवला, वर कोथिंबीर आणि अक्रोड. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरलं. त्या वाटणात एक ओळखीचा वास होता, ती मेथीचीच एक निळ्या फुलांची बहीण निघाली. आणि पिवळा रंग? झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड! आम्ही झेंडू देवाला वाहतो, जेवणात घालत नाही, असं मी सांगितल्यावर काकूंना ते फारच उधळपट्टीचं वाटलं.

पाव घरचाच. अंगणात मातीची गोल भट्टी, आत पेटवलेल्या द्राक्षाच्या काड्यांचे निखारे. बेबिया कमरेतून वाकून जवळजवळ आत जाते आणि होडीसारखा लांब लाटलेला गोळा भिंतीवर थापते. मला हे काम मागायची हिंमत झाली नाही.

दुपारी बायका चुर्चखेला करायला बसल्या. आदल्या दिवशी आम्ही अक्रोडाच्या फोडी सुईदोऱ्यानं ओवून ठेवल्या होत्या. मोठ्या कढईत द्राक्षाचा रस आटवायचा, त्यात पीठ भुरभुरवत ढवळायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. दाट झाला की माळ त्यात बुडवून काढायची आणि काठीला टांगायची. थर वाळला की पुन्हा. कढईच्या तळाला उरलेलं गरम गरम खरवडून खायला बेबिया, काकू, मुलगी, मी, सगळ्या चमचे घेऊन तुटून पडलो. तेव्हा पुरुष मळ्यात होते. त्यांना काही ठेवलं नाही.

शनिवार: सुप्रा

तोडणी संपली की मेजवानी, तिला ‘सुप्रा’ म्हणतात. एक जण ‘तामादा’ होतो, प्रत्येक पेल्याआधी बोलतो: देवासाठी, देशासाठी, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी. त्याच्यानंतर प्रत्येकानं त्यात आपली भर घालायची. नुसतं तोंडाला लावून ठेवायचं नाही आणि मध्येच आपलं आपण प्यायचं नाही. मला न आंबलेला गोड रस दिला, कुणी नाक मुरडलं नाही. नवऱ्याला मात्र शिंग आलं. बैलाचं शिंग, आणि शिंग टेबलावर ठेवता येत नाही, रिकामं होईपर्यंत हातातच! पिणाऱ्यांनी आधी पोटभर पाव-चीज खाऊन घ्या आणि तामादाला सुरुवातीलाच सांगा. मध्यावर सांगून कुणी ऐकत नाही.

एक गोष्ट मला खटकली ती लिहितेच. तामादानं बायकांसाठी फार सुंदर पेला उचलला, पुरुष सगळे उभे राहिले, पण ज्यांच्यासाठी उभे राहिले त्या निम्म्या स्वयंपाकघरात होत्या. मी उठून तिथेच गेले. काकूंनी काही न बोलता माझ्या हातात सुरी दिली आणि काकड्यांकडे बोट केलं.

मग गाणी सुरू झाली. तीन आवाज, तीन वेगळ्या वाटांनी जाणारे, वाद्य नाही. काका सगळ्यात खालचा सूर धरून बसले होते, डोळे मिटून. ट्रकमध्ये गाणारा हाच माणूस, यावर विश्वास बसेना.

सोमवार: परत

निघताना पाच लिटरचा पाण्याचा प्लास्टिकचा कॅन भरून वाइन आली. नको म्हणायची सोय नव्हती. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेत हा कॅन फुटणार हे उघड होतं, आणि भारतात परतताना माणशी दोन लिटरच करमुक्त. तिबिलिसीतल्या हॉस्टेलात तो कॅन ठेवून आलो, तिथल्या पोरांनी आमचं नाव काढलं असेल. चुर्चखेला मात्र बिनधास्त आणा, कागदात गुंडाळून, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी येते.

गाडीत बसता बसता काकांनी मुलीला काहीतरी सांगितलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेलींची छाटणी असते, तेव्हा गावात कुणीच नसतं, थंडी असते, मेजवानी नसते, राजमाच खावा लागेल, येता का? आम्ही तिकिटं बघतोय. नवऱ्याला छाटणीतलं ओ की ठो कळत नाही, पण ते बेबिया बघून घेईल.